नासपतीला आंब्याचा न्याय नको

चेन्नईच्या दक्षिणेस ग्रँड सदर्न ट्रंक रोड आणि लोहमार्ग यांच्या आधाराने वाढलेले तांबरम हे एके काळी केवळ एक उपनगर होते. २०२१ साली त्याला स्वतंत्र महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. १९३१ साली मद्रास बीचपासून येथपर्यंत विजेची आगगाडी धावू लागली. १९३७ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेज येथे आले. हवाई दलाच्या तळामुळे देशाच्या नाना प्रांतांतील कुटुंबे येथे येऊन राहू लागली, आणि त्यांत महाराष्ट्रातील कुटुंबेही असतात. सायंकाळी स्थानकातून बाहेर पडणारी माणसे पश्चिमेकडील शण्मुगम रस्त्यावर भाजीपाला व फळे घेऊन घरी जातात. आंबा, केळे, पपई या परिचित फळांच्या शेजारी वर्षातील काही महिने नासपतीचाही ढीग लागलेला असतो.

ही नासपती घरी आल्यावर तिचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. मराठी घरात फळ पिकविण्याची एकच रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि ती म्हणजे आढी. पाडाला आलेला आंबा उतरवावा, गवतात किंवा तांदळाच्या डब्यात घालावा, अधूनमधून वास घ्यावा, आणि रंग भरला की काढावा. साहजिकच नासपतीही तांदळात जाते. सहा-सात दिवसांनी डबा उघडला, तर एक फळ बाहेरून हिरवे व आतून तपकिरी पडलेले, दुसरे सुरकुतलेले, आणि तिसरे जसेच्या तसे कडक, असा प्रकार पुष्कळदा दिसतो. मग नासपती हे फळच बेभरवशाचे आहे, असा निर्णय देऊन गृहिणी पुन्हा केळ्यांकडे वळते.

हा निर्णय अन्यायाचा आहे. दोष फळाचा नसून त्याला लावलेल्या न्यायाचा आहे. नासपती हे एक फळ नसून एका नावाखाली विकली जाणारी भिन्न स्वभावाची फळे आहेत. त्यांतील काही घरी पिकवावी लागतात, तर काही पिकविण्याची गरजच नसते. शिवाय पिकणे हे रंगाचे काम नसून उष्णतेचे व काळाचे काम आहे. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या, तर तांबरमसारख्या उष्ण व दमट गावातही नासपती उत्तम खाता येते. त्या ध्यानात न घेतल्यामुळे घरचा पैसा वाया जातो, डोंगरावरील बागाईतदाराच्या चांगल्या फळाला बोल लागतो, आणि फसव्या रंगाच्या व्यापाराला उत्तेजन मिळते.

एक नाव, अनेक फळे

तांबरमच्या बाजारात येणारी नासपती स्थूलमानाने तीन ठिकाणांहून येते. पहिली जवळची, म्हणजे निलगिरी आणि कोडाईकनालच्या डोंगरांवरील. कुन्नूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० मीटर उंचीवर आहे, तर कोडाईकनाल २,१०० मीटरांच्या आसपास. तेथील थंडीमुळे मैदानात न येणारी ही झाडे तेथे फळतात. कुन्नूरला फळांवरील संशोधनाचे सरकारी केंद्र आहे, आणि तेथील सिम्स पार्क या उद्यानात उन्हाळ्यात फळांचे प्रदर्शन भरते. या डोंगरांवरील गावठी नासपती गोलसर, जाड सालीची, करकरीत आणि रवाळ असते. दुसरी नासपती काश्मीर व हिमाचल प्रदेश या भागांतून पावसाळ्याच्या उत्तरार्धात येते. तिच्यात करकरीत ‘नाख’ही असते आणि मऊ होणारी ‘विल्यम’ व ‘बब्बूगोशा’ही असते. तिसरी परदेशी. दक्षिण आफ्रिका, अमेरिका अशा देशांतून ती शीतगृहाच्या साखळीतून येते, आणि तिच्यावर बहुधा एक लहानशी चिठ्ठी चिकटविलेली असते.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यांत दोन मुख्य कुळे आहेत. एक युरोपीय नासपती. तिचा आकार बहुधा घंटेसारखा, देठाकडे निमुळता; ती झाडावरून कडक स्थितीत उतरवावी लागते आणि नंतर घरी लोण्यासारखी मऊ होते. दुसरी पूर्व आशियातील वाळू-नासपती. ती बहुधा गोल, सफरचंदासारखी. झाडावरच खाण्याजोगी होते, आणि तिचे सौंदर्य मऊपणात नसून करकरीतपणात व रसाळपणात असते. या दोहोंच्या संकरातूनही काही जाती झाल्या. अमेरिकेत निपजलेली आणि निलगिरीतही लावली जाणारी ‘कीफर’ ही अशीच एक जात होय. दाताखाली वाळूसारखे जे कण लागतात, ते गरातील कठीण भिंतींच्या पेशींचे पुंजके असतात. ते घाण नव्हेत आणि रोगही नव्हे. वाळू-नासपतीत व संकरित जातींत ते अधिक असतात, एवढेच.

येथे तमिळ भाषेची साक्ष काढण्याजोगी आहे. तमिळमध्ये कच्च्या फळाला ‘काय’ आणि पिकलेल्या फळाला ‘पळम’ म्हणतात. मराठी माणूस कैरी व आंबा असा जो भेद करतो, तोच तेथे ‘मांगाय’ व ‘माम्पळम’ या शब्दांत आहे. केळे पिकले की ते ‘वाळैप्पळम’ होते. नासपतीला मात्र तांबरमचा विक्रेता ‘पेरिक्काय’ म्हणतो, आणि खाण्यास तयार झालेल्या फळालाही तेच नाव चालते. या शब्दाचा इतिहास काहीही असो, डोंगरी फळाच्या बाबतीत तो वस्तुस्थितीला धरून आहे. ते फळ करकरीतच खावयाचे असते. त्याच्या ‘पळम’ होण्याची वाट पाहत बसणारा मनुष्य त्याच्या नासण्याची वाट पाहत असतो.

पिकणे म्हणजे काय

फळ पिकते म्हणजे त्यात एकाच वेळी अनेक बदल घडतात. पिठूळ पदार्थाची साखर होते, आंबटपणा कमी होतो, सुवास येतो, आणि पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन विरघळू लागल्याने गर मऊ होतो. या सर्व बदलांना चालना देणारा पदार्थ म्हणजे एथिलीन नावाचा वायू. फळ तो स्वतःच तयार करते. थोडा तयार झाला की त्याच्या योगाने आणखी तयार होतो, आणि आगीसारखा हा क्रम वाढत जातो. आढीत आंबे लवकर पिकतात, त्याचे कारण हेच. प्रत्येक फळाचा वायू शेजारच्या फळाला लागतो, आणि गवतामुळे तो लगेच उडून जात नाही.

हे ज्ञान शास्त्रज्ञांना टप्प्याटप्प्याने झाले. चीनमध्ये बंद खोलीत धूप जाळून नासपती पिकवीत असत, असे सांगितले जाते. १९०१ साली रशियातील नेल्युबोव्ह यांनी दिव्याच्या वायूतील एथिलीनचा वाटाण्याच्या कोंबांवर होणारा परिणाम दाखविला. कॅलिफोर्नियातील व्यापारी लिंबे पिवळी करण्यासाठी ती रॉकेलच्या शेगड्यांनी तापविलेल्या खोलीत ठेवीत. काम उष्णतेचे आहे, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ते काम धुरातील एथिलीनचे होते, हे १९२४ साली डेनी यांनी दाखवून दिले. पुढे १९३४ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी फळे स्वतःच एथिलीन निर्माण करतात, हे रासायनिक पुराव्याने सिद्ध केले. ज्या गोष्टीला लोक उष्णता समजत होते, ती वस्तुतः वायूची करामत होती. उष्णतेविषयीचा हा गैरसमज आजही घरोघर टिकून आहे, आणि नासपतीला तोच सर्वांत अधिक बाधतो.

युरोपीय नासपतीचा स्वभाव दोन बाबतींत वेगळा आहे. पहिली बाब म्हणजे ती आतून बाहेर पिकते. झाडावरच पूर्ण पिकू दिली, तर साल अजून चांगली दिसत असताना गाभा तपकिरी व पिठूळ झालेला असतो. म्हणून जाणता बागाईतदार फळ हातात घेऊन आडवे उचलून पाहतो; देठ फांदीपासून सहज सुटला की ते उतरवितो. दुसरी बाब अधिक नवलाची आहे. पुष्कळशा युरोपीय जातींना नीट पिकण्यापूर्वी थंडीचा काळ लागतो. विल्यमला सुमारे दोन आठवडे शून्य अंशाजवळच्या थंडीत ठेवले, की बाहेर काढल्यावर ती सारखी पिकते. ‘आंजू’सारख्या हिवाळी जातीला याहून पुष्कळ अधिक, सुमारे दोन महिने थंडी लागते. ही थंडी जणू फळाच्या अंगी एथिलीन निर्माण करण्याची तयारी करून देते. आंब्याची गोष्ट नेमकी उलट. कच्चा आंबा थंडीत ठेवला, तर तो बिघडतो आणि मागाहून नीट पिकत नाही. आंब्याचा न्याय नासपतीला का लावू नये, याचे उत्तर या एकाच गोष्टीत आहे.

तांबरमच्या हवेची अडचण

थंडीचा काळ संपल्यावर युरोपीय नासपती १८ ते २१ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत चांगली पिकते. तांबरममध्ये मे महिन्यात दुपारचे तापमान सरासरीने ३७ अंशांच्या घरात असते. काश्मिरी फळ येते त्या ऑगस्ट-सप्टेंबरातही दिवसा ते ३४-३५ अंशांपर्यंत चढते, आणि रात्री २५ अंशांच्या खाली क्वचितच उतरते. तापमान ३० अंशांच्या वर दीर्घकाळ राहिले, की एथिलीन तयार करण्याची व त्याला प्रतिसाद देण्याची फळाची शक्ती मंदावते. पण फळातील पाणी उडून जाणे थांबत नाही, आणि बुरशीची वाढही थांबत नाही. परिणामी फळ पिकण्यापूर्वीच सुरकुतते किंवा सडते. तांदळाच्या डब्यातील नासपतीचे रहस्य हेच आहे. ऊब दिली म्हणजे फळ लवकर पिकते, ही समजूत येथे फळाच्या मुळावर येते.

यावर मातीच्या माठाचा व ओल्या फडक्याचा उपाय महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला सुचतो. सोलापूर किंवा औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला लागू पडतो, कारण पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. तांबरम समुद्रापासून दूर नाही. हवा मुळातच दमट असल्यामुळे पाणी मंद गतीने उडते, आणि गारवा थोडाच मिळतो. उलट ओलसर जागेत बुरशीला मात्र आमंत्रण मिळते. एका गावची युक्ती दुसऱ्या गावी जशीच्या तशी चालत नाही, याचे हे एक लहानसे उदाहरण होय.

सारांश, तांबरममध्ये नासपतीचा क्रम आंब्याच्या उलट असावयास हवा: आधी थंडी, मग खोली, आणि पिकल्यावर पुन्हा थंडी.

निवड कशी करावी

बाजारात पहिला प्रश्न भावाचा नसून जातीचा असावा. फळ गोल, खरखरीत सालीचे व डोंगरावरून आलेले असेल, तर ते आहे त्या स्थितीतच खावयाचे, असे समजावे. त्यात वजनाला जड, साल ताणलेली, देठ शाबूत आणि दाबल्यावर न दबणारे फळ निवडावे. हातात हलके लागणारे फळ पाणी गमावलेले असते. सालीवरील तपकिरी खरखरीतपणा हा दोष नव्हे. काही जातींची ती नैसर्गिक साल आहे. मात्र ओलसर डाग, खोलगट चट्टा किंवा देठाजवळची बुरशी दिसल्यास ते फळ टाळावे.

घंटेच्या आकाराचे मऊ होणारे फळ असेल, तर ते कडकच घ्यावे. मऊ झालेले फळ गर्दीच्या बाजारात अनेक हातांनी दाबलेले असते, आणि प्रत्येक दाब उद्याचा काळा डाग होतो. घरी आल्यावर रंगाकडे पाहून उपयोग नाही. विल्यम पिकताना हिरव्याची पिवळी होते, हे खरे. परंतु आंजू पिकल्यावरही हिरवीच राहते, आणि ‘बॉस्क’ ही जात आरंभापासूनच तपकिरी असते. सर्व जातींना लागू पडणारी कसोटी एकच आहे. देठाजवळच्या मानेवर अंगठा हलकेच टेकवावा. तेथे फळ किंचित दबले, तर ते तयार आहे. पोटाकडील जाड भाग दबेपर्यंत थांबल्यास उशीर झालेला असतो, कारण तोवर आतला गाभा उतरू लागतो.

पिकवण आणि साठवण

कडक युरोपीय फळे आणल्यावर धुऊ नयेत. कागदी पिशवीत घालून ती फ्रिजच्या खालच्या खणात ठेवावी. परदेशी फळाने प्रवासातच थंडीचा काळ पूर्ण केलेला असतो, त्यामुळे त्याला एक-दोन दिवस पुरतात. ट्रकमधून आलेल्या काश्मिरी फळाला आठवडा किंवा अधिक द्यावा. घरातील फ्रिज शीतगृहाइतका थंड नसला, तरी या कामी त्याची मदत होते. नंतर खाण्याच्या दोन-तीन दिवस आधी लागतील तेवढीच फळे बाहेर काढावी, आणि घरातील सर्वांत कमी उष्ण जागी ठेवावी. उत्तरेकडील भिंतीलगतची फरशी किंवा रात्री वातानुकूलन चालणारी खोली ही जागा उत्तम. चुलीजवळचे फडताळ सर्वांत वाईट. घाई असल्यास त्याच कागदी पिशवीत एक पिकलेले केळे किंवा सफरचंद ठेवावे. त्याचा एथिलीन नासपतीला लागतो. प्लॅस्टिकची घट्ट बांधलेली पिशवी वापरू नये. तीत फळाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड व बाष्प कोंडून राहते, आणि गाभा काळवंडण्याचा धोका उत्पन्न होतो. फळ सकाळ-संध्याकाळ तपासावे. तांबरमच्या हवेत तयार फळ एका दिवसात हातचे जाते.

पिकलेले फळ पुन्हा फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस टिकते. डोंगरी करकरीत फळ मात्र थेट फ्रिजमध्ये ठेवावे. पाणी उडू नये म्हणून त्याला भोके असलेल्या पिशवीत किंवा कोरड्या फडक्यात गुंडाळावे. असे ते काही आठवडेही चांगले राहते. नासपतीशेजारी पालेभाज्या व गाजरे ठेवू नयेत. एथिलीनमुळे पाने पिवळी पडतात, आणि गाजराला कडवटपणा येतो. कांदा-लसणापासूनही तिला दूर ठेवावे, कारण ती त्यांचा वास ओढून घेते. चिरलेले फळ हवेने तांबूस होते. त्याला लिंबाचा रस लावल्यास ते पांढरे राहते. सालीसकट खाल्लेल्या एका मध्यम नासपतीत पाच ग्रॅमांहून अधिक तंतुमय पदार्थ असतात, म्हणून साल काढण्याची घाई करू नये.

ज्या घरी फ्रिज नाही, त्या घराला हे सर्व सांगणे व्यर्थ आहे, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप अर्धा खरा आहे. अशा घराने महागड्या युरोपीय फळाच्या मागे लागू नये, आणि लागण्याचे कारणही नाही. डोंगरी नासपती हंगामात स्वस्त असते. दोन दिवसांपुरतीच आणावी, हवेशीर टोपलीत एका थरात पसरावी, मीठ-तिखट लावून किंवा नुसतीच खावी. उरलेल्या कडक फोडी गूळ व वेलदोडा घालून शिजवाव्या. शिजविल्याने रवाळपणा बराच लपतो, आणि फळ फुकट जात नाही. ज्या फळाला पिकविण्याचा खटाटोपच नको, ते फळ गरीब घराचे खरे मित्र आहे. पण त्यालाच बाजारात कच्चे व निकृष्ट म्हणून हिणविले जाते, ही खेदाची गोष्ट होय.

रंगाचा मोह

फळाची पारख रंगावरून करण्याच्या सवयीचा सर्वांत मोठा तोटा घराबाहेर होतो. ग्राहक पिवळे फळ मागतो, म्हणून काही व्यापारी ते कॅल्शियम कार्बाइड वापरून पिवळे करतात. हवेतील ओलाव्याशी संयोग झाला की या पदार्थातून ॲसिटिलीन वायू निघतो. तो एथिलीनची दुबळी नक्कल करतो. साल रंगते, पण साखर, सुवास व मऊपणा हे बदल त्या मानाने मागे राहतात. शिवाय बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात, आणि ते हाताळणाऱ्या मजुराला तसेच खाणाऱ्यालाही अपायकारक ठरतात. ही तक्रार मुख्यतः आंबा व केळे यांच्याबाबत ऐकू येते. परंतु तिच्या मुळाशी असलेली सवय सर्व फळांना सारखीच लागू आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या विनियमांनुसार कार्बाइडच्या वायूने पिकविलेली फळे विकण्यास बंदी आहे. २०१६ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एथिलीन वायूच्या नियंत्रित वापरास दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत मुभा दिली. हा भेद योग्यच आहे. एथिलीन हा फळाचा स्वतःचाच वायू असल्याने, तो ठरावीक तापमानाच्या बंदिस्त खोलीत मोजून दिला, तर निसर्गाच्याच क्रमाला थोडी गती मिळते. म्हणून ‘कृत्रिमरीत्या पिकविलेले’ या एकाच शब्दाने दोहोंना दोष देणे शास्त्राला धरून नाही. कोणता पदार्थ, किती प्रमाणात, कोणत्या रीतीने वापरला, हा खरा प्रश्न आहे.

तथापि, केवळ कायद्याने हे काम होणार नाही. १९९६ साली सुरू झालेला कोयंबेडूचा घाऊक बाजार असो की तांबरमची हातगाडी असो, विक्रेता तेच पुरवितो जे ग्राहक मागतो. ग्राहकाने रंगाऐवजी जात विचारली, पिवळेपणाऐवजी मानेची नरमाई पाहिली, आणि आजच खाण्याजोग्या फळाचा हट्ट सोडून दोन दिवसांनी पिकणारे फळ आनंदाने नेले, तर कार्बाइडची पुडी कोणाच्या उपयोगाची? अप्रामाणिक व्यापाराला शिक्षा हवीच. पण त्याचे भांडवल ग्राहकाचे अज्ञान आहे, हेही मान्य केले पाहिजे.

उलट विक्रेत्याकडूनही एक अपेक्षा वाजवी आहे. परदेशी फळावरील चिठ्ठीत बहुधा जातीचे नाव असते, तर निलगिरीच्या टोपलीवर काहीच नसते. ‘डोंगरी, आजच खावी’ किंवा ‘काश्मिरी, आठवडाभर थंडीत ठेवून पिकवावी’ एवढे चार शब्द खडूने पाटीवर लिहिण्यास खर्च येत नाही. आपल्याच प्रांताचे फळ मुके उभे राहते आणि दूरचे फळ बोलते, ही स्थिती बदलली पाहिजे. ग्राहक कडक म्हणून जे डोंगरी फळ नाकारतो, त्याचा तोटा शेवटी कुन्नूर किंवा कोडाईकनालच्या उतारावरील लहान बागाईतदारापर्यंत पोहोचतो. आणि झाड उत्पन्न देईनासे झाले, की त्याच्या जागी दुसरे काही लावले जाते.

शाळेने काय करावे

या विषयाचा आरंभ शाळेत सहज होऊ शकतो, कारण प्रयोगाला उपकरणे लागत नाहीत. एकाच जातीच्या कडक नासपती घ्याव्या. पहिली वर्गातील फडताळावर उघडी ठेवावी. दुसरी पिकलेल्या केळ्यासह कागदी पिशवीत. तिसरी आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवून मग बाहेर काढावी. रोज प्रत्येकीचे वजन करावे, मान दाबून पाहावी, तापमापकावरील आकडा लिहावा, आणि शेवटी फळ उभे चिरून गाभा तपासावा. हाच प्रयोग डोंगरी नासपतीवरही करावा. एकीला थंडीने लाभ होतो आणि दुसरी कोणत्याही उपायाने लोण्यासारखी होत नाही, हे विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. पुणे, रत्नागिरी किंवा नागपूर येथील शाळांनी हाच प्रयोग आपापल्या हवेत केला, आणि त्याच्या शेजारी आंब्याची आढी लावून नोंदी ठेवल्या, तर दोन फळांचा स्वभाव किती भिन्न आहे, हे पाठ करावे लागणार नाही.

एखाद्या फळाचे लाड पुरवावे, एवढ्यासाठी हा खटाटोप नाही. प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावानुसार वागविणे, आणि परिचित नियम अपरिचित वस्तूला लावण्यापूर्वी तो तपासून पाहणे, ही शास्त्रीय वृत्तीची पहिली पायरी आहे, आणि ती स्वयंपाकघरातही चढता येते. तांबरमच्या घरातील नासपती तांदळाच्या डब्यातून बाहेर निघाली, तर त्या घराने एक फळ तर वाचविलेच. शिवाय एक जुनी समजूतही पारखून घेतली, असे म्हणता येईल.